त्रैमासिकाचा सातवा अंक: बनावट जर्नलला दिलेले ७,७५० रुपये

स्वीकृतिपत्रावर ‘खंड ४८, अंक ७’ असं स्वच्छ छापलेलं होतं. ज्या जर्नलच्या नावानं ते पत्र आलं, ते त्रैमासिक आहे. त्रैमासिकाचे वर्षाला अंक चार. सातवा येणार कुठून? आम्ही दोघा सहलेखकांनी ते पत्र वाचलं, आपापल्या नावाचं स्पेलिंग तपासलं आणि पैसे भरले. त्या एका ओळीपाशी थांबलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

प्रकार २०२३चा. प्रकाशन शुल्क ४,५०० रुपये, ‘तातडी’चे २,०००, डीओआयचे (लेखाच्या कायमच्या डिजिटल ओळख क्रमांकाचे) ५००, छापील अंक आणि प्रमाणपत्राचे ७५०. एकूण ७,७५०. सगळे यूपीआयनं, एका व्यक्तीच्या बचत खात्यात. पावती मिळाली, पण तिच्यावर ना संस्थेचा पत्ता, ना जीएसटी क्रमांक. पुढे लेख मागे घेतो म्हटल्यावर ‘विथड्रॉवल फी’ म्हणून आणखी ८,००० मागितले. ते दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

आम्ही काहीच न तपासता गेलो, असं कुणी म्हणू नये. तेव्हा यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य केलेल्या जर्नलची, यादी चालू होती. यादीत नाव होतं. आयएसएसएनचे, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाचे, आठही आकडे जुळत होते. जर्नल अस्सलच होतं, खोटी होती ती वेबसाइट. वर्षानुवर्षं फक्त छापील निघणारं, पोस्टानं ग्रंथालयांत जाणारं, स्वतःची साइट नसलेलं जर्नल ही माणसं हेरतात. नाव घेतात, आयएसएसएन घेतात, मुखपृष्ठ स्कॅन करतात आणि नवं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकत घेतात. मग गूगलवर शोधलं की एकच साइट दिसते, ती यांची. क्लोन जर्नल म्हणतात ते हेच. यादीवरून एवढंच कळतं की या नावाचं जर्नल आहे. समोरची साइट त्याच जर्नलची आहे का, ते कळत नाही.

आयएसएसएन पोर्टलवर माध्यम कोणतं नोंदवलंय ते आधी बघा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा आयएसएसएन मिळतो. नोंद फक्त छापील असेल आणि साइट ‘ऑनलाइन जर्नल’ म्हणत असेल, तर तिथंच थांबा. आणि आयएसएसएन म्हणजे दर्जाची खूण नव्हे, तो नुसता ओळख क्रमांक आहे. दुसरं, हूइज या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत ते कधी घेतलं हे दिसतं. ४८ वर्षांच्या जर्नलचं डोमेन ११ महिन्यांचं होतं. हे बघायला दोन मिनिटं लागतात. ती आम्ही पैसे गेल्यावर खर्च केली.

अनुक्रमणिकाही ओरडून सांगत होती. मूळ जर्नल समाजशास्त्राचं. बनावट साइटवर मधुमेहाच्या रुग्णांचा लेख, त्याला लागून फ्लाय अ‍ॅश काँक्रीट, मग ग्रामीण बचत गट. बहुविद्याशाखीय जर्नल असू शकतं, पण मग प्रत्येक शाखेचे संपादक वेगळे लागतात. काँक्रीटच्या २८ दिवसांच्या दाबसामर्थ्याचे आकडे समाजशास्त्राच्या परीक्षकानं कसे तपासायचे? मधुमेहाच्या लेखात एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा उल्लेखही नव्हता. रुग्णांवरचा अभ्यास तसा छापला जातो तेव्हा पैशांच्या पलीकडचं नुकसान होतं, कारण उद्या कुणीतरी तो खरा धरून उद्धृत करतो.

आमचा लेख पाठवल्यापासून ३१ तासांत स्वीकारला गेला. परीक्षण अहवाल एका पानाचा, चौकटींत टिकमार्क. आमच्या तक्ता ३ मधल्या टक्क्यांची बेरीज १०४ होत होती. कुणी एकदा जरी वाचला असता तर ती चूक सापडली असती. ती तशीच छापली गेली आणि आमच्या नावावर कायमची बसली. खऱ्या परीक्षणाला आठवडे, महिने लागतात आणि नमुना कसा निवडला, हे परीक्षक विचारतोच.

‘इम्पॅक्ट फॅक्टर ६.१२५’ असं साइटवर झळकत होतं. जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात, त्याचा हा आकडा. हा शब्द क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधल्या आकड्यासाठीच धरा, बाकीचे विकत मिळतात. डीओआयच्या ५०० रुपयांत काय मिळालं? १०.५२८१ नं सुरू होणारा क्रमांक. तो झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहाचा. तिथं कुणीही फाइल चढवतो आणि डीओआय फुकट मिळतो.

आता दाद मागण्याबद्दल. सायबर पोलिसांनी विचारलं, ‘लेख छापला ना त्यांनी? मग फसवणूक कसली?’ दुसऱ्याच्या नावानं दुकान मांडून पैसे घेणं ही फसवणूक नाही, तर कशाला म्हणायचं? रक्कम लहान म्हणून अर्ज बाजूला ठेवला गेला. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात. विद्यापीठाच्या ज्या कक्षानं ‘यादीतल्या जर्नलचा लेख जोडा’ असं पत्रक काढलं होतं, त्यानंच लेख नाकारला आणि वर लेखी खुलासा मागितला. नाकारला ते योग्यच. पण अशी किती प्रकरणं आली, कोणत्या साइट सापडल्या, हे सूचनाफलकावर लावा म्हटलं तर ‘तसा नियम नाही’. पुढचा संशोधक त्याच साइटवर जाणार, हे समोर दिसत असताना! चार टेबलं, पाच अर्ज, आणि प्रत्येकाचा सूर एकच: चूक तुमची.

चूक आमची आहेच. पण हा बाजार उभा कशावर राहिला? २००९ च्या यूजीसी नियमांपासून पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी लेख सक्तीचा होता. प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या २०१८ च्या नियमांत विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यकाच्या लेखाला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या लेखाला १०. मोजायचे तर लेखच, मग लेख छापून देणारे येणारच. २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्याच यादीतली ४,३०५ जर्नल काढली. २०२२ च्या नियमांत प्रबंधासाठीची सक्ती गेली, २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीच बंद झाली, आता पारख संस्थांनी करायची. त्यामुळे यापुढे ‘केअर लिस्टेड, ४८ तासांत प्रकाशन’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला तर नंबर ब्लॉक करा.

ग्रंथालयात जाऊन छापील अंक हातात घ्या, आतल्या पानावरच्या पत्त्यावर संपादकांना विचारा. आम्ही विचारलं, पण उशिरा. त्यांना त्या साइटची कल्पनाच नव्हती. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कॉपीराइटच्या फॉर्मवर घाईनं सही करू नका. केली असेल तर लेख मागे घेत असल्याचा ईमेल पाठवून जपून ठेवा, आणि पुढच्या जर्नलला सोबतच्या पत्रात सगळं आधीच सांगा, लपवलंत तर दुबार प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येईल.

साइटवरून लेख काढलेला नाही. पान १,२१४ ते १,२२१. मूळ त्रैमासिकाचा अख्खा अंक ९६ पानांचा असतो.