बडोद्यातील एका मोतद्दारांकडून आयाळीची निगा: आमचा अनुभव

बडोद्यात वरातीसाठी घोडी सजवणारे पुष्कळ आहेत, परंतु खराब झालेल्या आयाळीवर विचारपूर्वक काम करणारे फार थोडे सापडतात. येथे ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते मराठी बोलणारे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, त्या थोड्यांपैकी आहेत. त्यांची कोठेही पाटी नाही. घोडेवाल्यांमध्ये त्यांचा पत्ता तोंडीच मिळतो.

आमची काठियावाडी घोडी बडोद्याच्या हरणी भागाकडे एका पागेत असते. पावसाळ्यानंतर मानेच्या मध्यावरची तिची आयाळ उडाली होती आणि आधी बोलावलेल्या एका कारागिराने उरलेले केस कात्री आडवी चालवून एका रेषेत कापल्यामुळे ती परसातल्या झिजलेल्या झाडूसारखी दिसू लागली होती.

या मोतद्दारांनी पहिल्या खेपेस कात्री बाहेरच काढली नाही. केस बोटांनी बाजूला सारून त्यांनी विजेरीच्या उजेडात कातडी पाहिली आणि तेथे वाटोळे चट्टे नसून कोंडा व अर्ध्यावर तुटलेले खुंट आहेत, म्हणजे घोडी मान घासते आहे, हे आम्हाला दाखवून दिले. मग त्यांनी दावणीचा खांब तपासला, तर त्याच्या कडेला केस अडकलेले होते. खाज उवांची आहे की चिलटांची, हे पशुवैद्यांनी ठरवावे, असे म्हणून त्यांनी आधी तिकडे पाठवले. शिवाय गजकर्ण असल्यास ते माणसालाही लागते, म्हणून तोवर तिचा खरारा व ब्रश इतर घोड्यांना वापरू नये, हेही बजावले. पशुवैद्यांनी चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असल्याचे सांगितले. ही चिलटे पहाटे व दिवस मावळताना अधिक चावतात आणि वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही, त्यामुळे त्या वेळी घोडीला आत बांधून पंखा लावणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय ठरला.

खाज थांबल्यानंतरचे काम मात्र पाहण्यासारखे होते. त्यांनी कोरड्या केसांतला गुंता आधी बोटांनी व नंतर रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे सरकत सोडवला. लांबी जमवताना कात्री उभी धरून ते थोडे थोडे केस टोकाशी टिपत गेले, त्यामुळे कापल्याची रेषा कोठेही दिसत नाही. नव्याने उगवणारे खुंट ताठ उभे राहतात. ते न कापता ओल्या ब्रशने रोज एका बाजूला बसवावेत, असे त्यांनी सांगितले. सगळी आयाळ मुळापासून भादरून टाकावी, असा घरातल्या काहींचा आग्रह होता. ‘ताई, मग वर्षभर उभ्या केसांची घोडी मिरवावी लागेल,’ एवढे बोलून त्यांनी तो विषय संपवला.

उणिवाही आहेत. सकाळची वेळ देऊन ते दुपारी येतात आणि उशीर होत असल्याचे कळवत नाहीत. केसांना वळण लागावे म्हणून घातलेल्या वेण्या खांद्याजवळ इतक्या घट्ट होत्या की घोडीला चरण्यासाठी मान खाली घालता येईना. सांगितल्यावर त्यांनी त्या लगेच सैल केल्या. एका खेपेचे नऊशे रुपये मला रास्त वाटतात, मात्र शाम्पू आपला द्यावा लागतो. संध्याकाळच्या वरघोड्यासाठी, म्हणजे वरातीसाठी, विरळ आयाळ मणी-गोंड्यांनी झाकून हवी असेल, तर त्यांना बोलावण्यात अर्थ नाही, कारण तसले काम ते घेत नाहीत.