ठाण्यातला मिक्सिंगचा वीकेंड कोर्स : काही महिन्यांनंतर, आणि त्या एसीबद्दल जरा सविस्तर

आधी एसीबद्दल लिहिते, कारण गाण्याचं मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) शिकवणाऱ्या या कोर्सची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला मी तेच आधी सांगते. जाहिरातीत 'संपूर्ण वातानुकूलित स्टुडिओ' असं छापलंय. एसी आहे, नाही असं नाही. दीड टनाचा, नवा कोरा. आपण जिना चढून आत येतो तेव्हा चालू असतो. चपला काढून, जागा धरून, वही उघडेपर्यंत चालू असतो. मग शिकवणारे काका म्हणतात, "चला, ऐकू या," आणि कोणीतरी रिमोट उचलून तो बंद करतं. वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतला गाळा, खिडक्या बुजवलेल्या, दार दुहेरी, आत दहा-बारा माणसं आणि तापलेली यंत्रं. महिना एप्रिल. पंखा अर्थातच नाही.

फी ४८,००० सांगितली होती. पावती ५६,६४० ची हातात पडली, कारण १८ टक्के जीएसटी "वेगळा असतोच ना मॅडम". वागळे इस्टेटमध्ये घाम गाळायचे लोक पैसे घेतात, मी देत होते. सुरुवातीला माझी पक्की खात्री होती की हा सगळा वीजबिल वाचवायचा मामला आहे, आणि तसं मी जेवणाच्या सुट्टीत दोघा-चौघांना बोलूनही दाखवलं.

अभ्यासक्रम नेहमीचाच, थोडक्यात सांगते. बॅलन्स, ईक्यू (खर्ज-वरचे स्वर कमीजास्त करणं), कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणं), रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणं), ऑटोमेशन (गाणं चालू असताना पातळी आपोआप बदलणं), शेवटी मास्टरिंगची (तयार गाण्यावरचा शेवटचा हात) तोंडओळख. यातलं सगळं यूट्यूबवर फुकट आहे हेही खरं. पैसे आहेत ते शिकवणाऱ्यांचे. दोघं आहेत. एक ज्येष्ठ, टेपच्या जमान्यापासून काम करणारे, त्यांना सगळे काका म्हणतात. दुसरे चाळिशीतले, सध्या जोरात काम असलेले, ते सर. मी गेले ती सरांच्या नावावर. काकांच्या तासाला सुरुवातीला जांभया द्यायचे.

कारण काका काही करूच देत नाहीत. पहिला महिनाभर प्लगइनला (आवाज बदलणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरला) हात लावायचा नाही. फक्त फेडर (प्रत्येक ट्रॅकच्या आवाजाची पट्टी) वरखाली. तेही मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून), एका छोट्याशा स्पीकरवर. समोर यामाहाचे पांढऱ्या पडद्याचे एनएस-१० दिमाखात ठेवलेत, पण ते नंतर. (ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले नाहीत त्यांच्यासाठी : १९७८ मध्ये घरी गाणी ऐकायला म्हणून आलेले स्पीकर, पुढे जगभरच्या स्टुडिओंनी टेबलावर नेऊन ठेवले आणि २००१ मध्ये पडद्यासाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेना म्हणून कंपनीने बंद केले. काकांच्या जोडीवर ट्वीटरसमोर, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरसमोर, टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवलाय, वरचे स्वर बोचतात म्हणून. पिवळा पडलाय. कोर्सच्या जाहिरातीतल्या फोटोत मात्र तो काढलेला आहे.)

मोनोचं कारण सरावाच्या गाण्यातच कळलं. अभंग होता. गळा, पेटी, पखवाज, टाळ, तानपुरा. पेटी आणि पुरुषाचा गळा एकाच पट्ट्यात बसतात, एकमेकांना झाकतात. स्टीरिओत आपण पेटी डावीकडे सरकवतो आणि भांडण मिटलं असं वाटतं. मोनो केलं की दोघं पुन्हा एकमेकांच्या अंगावर. आमच्यातल्या एकाने पेटी रुंद करायचं काहीतरी लावलं होतं, हेडफोनवर फार छान वाटत होतं. मोनोमध्ये पेटी जवळजवळ गायबच झाली, कारण डाव्या-उजव्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. आणि अभंग ऐकला जातो कुठे? मोबाइलवर, देवळाच्या भोंग्यावर, मांडवात. तिथे कुठलं आलंय डावं-उजवं.

आता एसीचा दुसरा भाग. मे महिन्यात एका शनिवारी काका उशिरा येणार होते, म्हणून आम्ही एसी लावून आरामात काम करत बसलो. त्या अभंगाच्या गळ्यावर मी रिव्हर्ब लावला. कमी वाटला, वाढवला, अजून जरा वाढवला. ओळ संपते, स्वर विरतो, सगळं कसं छान. काका आले, सवयीने रिमोट उचलला, एसी बंद झाला आणि माझं गाणं वाजायला लागलं. गायक थेट गुहेत उभा! ओळ संपली तरी शेपूट संपेना, पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर जाऊन आदळत होतं. मी काहीच बदललं नव्हतं. फरक एवढाच, की एसीच्या घूंघूंखाली रिव्हर्बचं शेपूट बुडून जात होतं, ते ऐकू यावं म्हणून मी पाणी ओतल्यासारखं ओतत राहिले होते.

काका काही बोलले नाहीत. एकेक ट्रॅक म्यूट करत गेले. टाळ गेले, पखवाज गेला, पेटी गेली, गळा गेला. नुसता तानपुरा उरला तेव्हा त्यांनी आवाज वाढवला आणि मान तिरकी केली. "हे रेकॉर्डिंग कुठलं?" कोर्सवाल्यांनीच दिलेलं, याच गाळ्यात केलेलं. तानपुऱ्याखाली बारीक घूं होतं, १०० हर्ट्झच्या आसपास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि मोटारी-ट्रान्सफॉर्मरची गुरगुर साधारण त्याच्या दुपटीवर बसते. म्हणजे सरावाचं गाणं घेताना तेव्हाचा जुना एसी चालू होता! काकांनी मग गळ्याचा ट्रॅक परत लावला, कॉम्प्रेसर लावला आणि आम्हाला फक्त ओळींच्या मधल्या जागा ऐकायला लावल्या. गायक श्वासाला थांबला की कॉम्प्रेसर हात सोडतो, पातळी वर येते आणि तिच्याबरोबर ते घूंही वर येतं. गायला लागला की परत खाली. दर ओळीला. एकदा कानात बसलं की मग दुसरं काही ऐकूच येईना. नॉच (तेवढीच एक बारीक पट्टी कापणारा फिल्टर) लावून काढायला गेलो तर तानपुऱ्याची खर्जाची तारही थोडी पोकळ झाली.

"एसी लावून घेतलंन कुणी हे?" काकांनी ऑफिसातल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "गायकाला उकडत होतं."

तेव्हापासून एसी बंद करण्यावर माझा आक्षेप नाही. 'संपूर्ण वातानुकूलित' छापण्यावर आहे, आणि तो राहणार. कारण यावर उपाय नाही असं नाही. चांगल्या स्टुडिओत थंड हवा मोठ्या डक्टमधून संथ सोडतात, डक्टला आतून अस्तर असतं, यंत्र बाहेर लांब, रबरावर टेकवलेलं. हवा हळू आली की आवाज करत नाही. खर्च आहे, मान्य. पण मग आमच्या बॅचच्या जीएसटीला वगळून उरलेल्या पैशांचं केलं काय, असं मी ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, भाडं."

काकांकडून मिळालेली दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. ते इतक्या हळू आवाजात मिक्स करतात की शेजारचा माणूस वही चाळतो ते ऐकू येतं. मध्येच एकदा मोठ्याने, मग परत हळू. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं तेच हे : आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, वाढवला की खर्ज आपोआप भरतो. म्हणजे रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स केलं आणि पातळीचं भान नसलं, की आपण पखवाज फुगवणार आणि सकाळी गाडीत तो दणादणा आदळणार. उलट मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, म्हणून काही सुचत नाही. उपाय म्हणे एकच पातळी ठरवा आणि तिथेच परत परत या. काकांच्या नॉबवर नेलपॉलिशची खूण आहे. मी घरच्या इंटरफेसवर (माइक-स्पीकर संगणकाला जोडायच्या डब्यावर) टिकली लावलीय. माझ्या भावाला वाटलं मी मशीनची पूजा केली. (तोच गातो, मी रेकॉर्ड करते. त्याला मिक्सिंग म्हटलं की रसूल पुकुट्टी आठवतात, २००९ चं ऑस्कर. ते सिनेमाचं ध्वनिमिश्रण, हे गाण्याचं, असं मी दरवेळी सांगते आणि तो दरवेळी ऑस्करच्या भाषणाचं विचारतो.)

आता सर. सरांनी माझे पैसे वाचवले, त्यामुळे त्यांच्यावरचा राग मी आवरता घेतलाय. राग यासाठी की अर्धा तास ते फोनवर असतात, क्लायंटचे फोन, "हो हो, पाठवतो, अजून लाऊड करून पाठवतो". आणि दहा मिनिटांनी आम्हाला शिकवतात की लाऊड करून उपयोग नाही, स्पॉटिफाय मुळात गाणं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, तुम्ही चेचून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं आणि चेचलेलं तेवढं राहतं. विचारलं तर हसून म्हणाले, "क्लायंट माझ्या ऑफिसात ऐकतो, स्पॉटिफायवर नाही."

पैसे वाचवले ते असे. माझी खोली कोलशेतच्या बिल्डरी फ्लॅटमधली, दहा बाय दहा, उंचीही साडेनऊच्या घरात. भिंतीला लावायला ते टोकदार एक इंची फोम मी ऑनलाइन बघून ठेवले होते. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये पहिला घुमारा साधारण ५६ हर्ट्झला. लांबी-रुंदी सारखी म्हणून तो दुप्पट जोरात, आणि उंचीही तेवढीच म्हणून जवळपास तिप्पट. त्या लहरीचा चौथा हिस्साच पाच फूट भरतो, तिला एक इंची फोम काय अडवणार? फोमने फक्त वरचे स्वर मरतात, खोली बोदी वाटते आणि खर्ज तसाच घुमत राहतो. त्यांनी जाड रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनल कोपऱ्यांत लावायला सांगितलं. मी माळ्यावरच्या जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या. रॉकवूलइतकं नाही, पण पखवाजाचा डावा हात आता प्रत्येक खुर्चीत वेगळा वाटत नाही, आणि खर्च शून्य. आई विचारते पाहुणे येणार आहेत का.

गळ्यावरचं सरांचं काम मात्र खरंच बघण्यासारखं. मराठी गाण्यात श, स, च फार, आणि कॉम्प्रेसर लावला की हे सगळे सुयांसारखे बाहेर येतात, पाच ते आठ किलोहर्ट्झच्या टापूत. डी-एसरला (असे टोचणारे 'स' दाबणाऱ्या प्लगइनला) जोर लावला तर गायक बोबडा होतो. सर आधी हाताने एकेक 'स' पकडून त्याची पातळी खाली आणतात, मग कॉम्प्रेसर, मग डी-एसर नावापुरता. किचकट आहे, एका अंतऱ्याला माझी अख्खी संध्याकाळ जाते, पण फरक ऐकू येतो. प्लगइनही विकत घेऊ नका म्हणाले. रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर दोन महिने मोफत वापरता येतं, मग साधा परवाना ६० डॉलरचा, आणि त्यातलेच ईक्यू-कॉम्प्रेसर पुरतात. ते खरं निघालं.

जुलैमध्ये पावसाने गाड्या बंद पडल्या तेव्हा दोन तास ऑनलाइन घेतले. ते पैसे वाया. व्हिडिओ कॉलमधली आवाज साफ करायची सोय तानपुऱ्याला गोंगाट समजते. काका तिकडून म्हणतायत, "हे शेपूट ऐका," आणि इकडे शेपूट कापूनच येतंय. ती सोय बंद करता येते, पण करणार कोण? कोर्सवाल्यांनी हे तास हजेरीत मोजले. मी बदली तास मागितला, दिला नाही.

तसंच 'आजीवन' रेकॉर्डिंगचं. तासांचे व्हिडिओ आजीवन बघता येतील असं कबूल केलं होतं. बॅच संपल्यावर थोड्याच दिवसांत लिंक बंद. फोन केला तर, "मॅडम, ते बॅच चालू असेपर्यंतचं आजीवन." हे वाक्य मी दोन वेळा म्हणवून घेतलं, बरोबर ऐकलं ना म्हणून. मग ईमेल, मग प्रत्यक्ष जाऊन बसणं. (बसले तेव्हा ऑफिसातला एसी चालू होता.) शेवटी पेन ड्राइव्ह आणा म्हणाले, नेला, त्यात अर्धे तास निघाले. काकांचे बहुतेक नव्हतेच, कारण ते कॅमेऱ्यासमोर उठून स्पीकरजवळ जातात आणि माइकवर काही येत नाही.

मग घ्यावा का? घ्या, पण नोव्हेंबरनंतरची बॅच बघा. एप्रिलची मुळीच नको. फी जीएसटी धरून किती ते लेखी मागा, आणि आजीवन म्हणजे कधीपर्यंत तेही. आधीपासून एखादं गाणं रेकॉर्ड करत असाल तरच जा, कारण काका तुमच्याच गाण्यावर जास्त बोलतात. नुसतं सर्टिफिकेट हवं असेल तर ते छान जाड कागदावर मिळतं.

पुढचा 'ॲडव्हान्स मॉड्यूल' मी घेतला नाही. काका नौपाड्यात घरी ताशी पैसे घेऊन शेजारी बसवतात, तिकडे जाते. तिथे घड्याळ काटेकोर. गाणं आधी स्वतः पूर्ण करून न्यायचं, ट्रॅकना नीट नावं द्यायची, सगळे एकाच जागेपासून सुरू होणारे हवेत. 'ऑडिओ १७ नवीन फायनल' म्हणजे टाळ की पेटी हे शोधत बसलात तर ते शांतपणे चहा पितात, आणि तो वेळही तासात धरतात.