डाउन सिंड्रोमच्या बाळाचा एव्ही कॅनॉल: आत्ताच पूर्ण ऑपरेशन, आधी बँड, की अजून थांबायचं?

डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यात सगळ्यात नेहमीचा म्हणजे एव्ही कॅनॉल. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर त्याला 'कम्प्लीट एव्हीएसडी' म्हणतात. चारही कप्पे जिथे एकत्र येतात तिथली भिंतच नसते आणि दोन झडपांऐवजी एकच सामाईक झडप असते. आईबापांच्या कानावर मात्र 'हृदयाला होल आहे' एवढंच पडतं. मग कुणाच्या तरी मुलाचं होल आपोआप बुजल्याची गोष्ट निघते आणि सगळे वाट बघत बसतात. लहान व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतली होल) बुजतात, हा बुजत नाही. ऑपरेशन लागणारच, ठरवायचं ते कधी आणि किती टप्प्यांत.

इथे घड्याळ हृदयाचं नाही, फुप्फुसांचं आहे. भिंत नसल्यामुळे डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांच्या रक्तनळ्यांवर जास्त दाबाने आदळत राहतं. काही महिन्यांनी त्या नळ्या जाड आणि अरुंद व्हायला लागतात. हे कुठल्याही बाळात होतं, पण डाउन सिंड्रोममध्ये लवकर होतं. फुप्फुसातल्या वायुकोशांची वाढ मुळात कमी, त्यात घशाची वाट अरुंद, झोपेत श्वास अडकतो, ऑक्सिजन खाली जातो. वर्षभराच्या आतच नळ्यांचं कायमचं नुकसान सुरू होऊ शकतं. म्हणूनच पूर्ण ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात उरकायचं, असा बहुतेक बालहृदय केंद्रांचा शिरस्ता आहे.

पहिली वाट ही. छाती मधून उघडून, हार्ट-लंग मशीनवर, पॅच लावून भिंत उभी करतात आणि एका झडपेच्या दोन करतात. चांगल्या केंद्रांत शंभरातली दोन-तीन बाळं दगावतात. हा आकडा छोटा वाटला तरी तो समोरासमोर विचारून घ्यावा, कारण केंद्रागणिक बदलतो. डाव्या झडपेची गळती राहिली तर पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागतं. असं मूल दहात एखादं असतं. क्वचित हृदयाची वीजवाहिनी दुखावते आणि पेसमेकर बसवावा लागतो. एक गोष्ट मात्र नातेवाइकांना ठासून सांगावी: डाउन सिंड्रोम आहे म्हणून हे ऑपरेशन जास्त धोक्याचं ठरत नाही. उलट या मुलांच्या झडपेचा पडदा बऱ्याचदा बरा निघतो आणि तो शिवायला सोपा जातो. १९८५ सालीसुद्धा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या बाळांचं ऑपरेशन करावं की नाही यावर वाद चालला होता. तो काळ गेला. घरातल्या काही मोठ्यांच्या डोक्यातून गेलेला नाही.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन रात्रींची. श्वासाच्या ट्यूबमधला कफ ओढायला सक्शनची नळी घातली की फुप्फुसातलं प्रेशर एकदम चढू शकतं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरतं, बीपी पडतं. म्हणून बाळाला गाढ झोपवून ठेवतात आणि लागलं तर फुप्फुसाच्या रक्तनळ्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू देतात. 'तुमच्या आयसीयूत नायट्रिक ऑक्साइड आहे का?' हा प्रश्न खोलीच्या दरापेक्षा महत्त्वाचा.

दुसरी वाट पीए बँडिंगची. फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती पट्टी आवळून जादा रक्त रोखायचं. हार्ट-लंग मशीन बहुतेक वेळा लागत नाही. १९५० च्या दशकातली ही युक्ती अजूनही कामाची आहे. सर्जन सॅच्युरेशनकडे बघत पट्टी थोडी थोडी आवळतो: फार घट्ट झाली तर बाळ निळं पडतं, सैल राहिली तर फुप्फुसं वाचत नाहीत. बाळ वाढतं, पट्टी वाढत नाही, म्हणून काही महिन्यांनी बाळ निळसर दिसायला लागतं आणि पूर्ण ऑपरेशन करावं लागतंच. म्हणजे दोन भुली, दोनदा आयसीयू आणि दुसऱ्या वेळी चिकटलेल्या ऊतींमधून वाट काढायची. झडप जोरात गळत असेल तर बँडचा फायदाही कमी. माझ्या मते बँड घ्यायचा तो कारण असेल तर: अगदी अपुऱ्या दिवसांचं बाळ, न हटणारा जंतुसंसर्ग, डाव्या-उजव्या कप्प्यांच्या आकारात मोठा फरक. 'वजन कमी आहे' एवढंच कारण असेल तर दुसऱ्या केंद्राचं मत घ्या. अनुभवी हातांत साडेतीन-चार किलोच्या बाळाचं पूर्ण ऑपरेशन होतं.

तिसरी वाट, औषधांवर थांबणं. लघवी वाढवणारं लॅसिक्स, रक्तवाहिन्या सैल करणारं एनालाप्रिल, नाकातल्या नळीने जास्त कॅलरीचं दूध. न्यूमोनिया बरा होईपर्यंत किंवा वजन थोडं चढेपर्यंत काही आठवडे थांबणं ठीकच आहे. 'वर्षाचं झाल्यावर बघू' हे मात्र चालणार नाही.

कारण इथे एक फसगत आहे. दुसऱ्या महिन्यात दूध पिताना कपाळावर घाम येणारं, धापा टाकत बाटली सोडून देणारं बाळ सहाव्या-आठव्या महिन्यात निवांत दूध प्यायला लागतं. घाम थांबतो, वजन धरतं. आजी म्हणते, सुधारलं गं बाळ. पण ऑपरेशन न होता असं झालं, तर फुप्फुसातल्या नळ्या आवळल्या गेल्यामुळे रक्ताचा लोंढा कमी झाला, असंही असू शकतं. तेव्हा पुढची तारीख न मागता लगेच टू-डी इको करून घ्यावा. आणखी एक: रिपोर्टवर 'पल्मनरी हायपरटेन्शन' (फुप्फुसांच्या रक्तनळ्यांत वाढलेला दाब) वाचून कुणी त्या नळ्या सैल करणारं सिल्डेनाफिल सुरू करत असेल तर आधी बालहृदयतज्ज्ञांना विचारा. होल उघडं असताना ते फुप्फुसाकडचा लोंढा वाढवू शकतं.

वर्षानंतर आलेल्या बाळाचा हिशेब वेगळा. आधी कॅथ करून, म्हणजे हृदयापर्यंत बारीक नळी घालून, फुप्फुसातल्या रक्तनळ्यांचा रेझिस्टन्स (रक्ताला होणारा अडथळा) मोजतात. तो साधारण ६ वूड युनिटच्या (हे त्याचं माप) आत असेल तर ऑपरेशनचा मार्ग मोकळा असतो. फार वर गेला आणि औषधं देऊनही उतरला नाही, तर भिंत बंद करणंच जिवावर बेततं; मग उरतात ती औषधं आणि निळसर ओठ.

पैशापायी उशीर करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं आहेत, जिल्हा रुग्णालयातून आरबीएसकेमार्फत (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पाठवणी होते, खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. कागद जमायला वेळ लागतो, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात सुरुवात करावी. डाउन सिंड्रोम पक्का करणाऱ्या क्रोमोसोमच्या रिपोर्टसाठी थांबायची गरज नाही. त्याच वेळी थायरॉइडची टीएसएच तपासणीही उरका. ती राहिली म्हणून तारीख पुढे ढकलली जाऊ शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाळ झोपेत घोरतं का, हेही आपणहून सांगा, म्हणजे ते लहान मापाची ट्यूब हाताशी ठेवतील.