सांगलीत ‘२००० एडी’ची वर्गणी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

‘२००० एडी’ या ब्रिटिश विज्ञानचित्रकथा साप्ताहिकाची डिजिटल वर्गणी पावसाळ्यात भरली. दर बुधवारी नवा अंक येतो. पैसे वसूल होतात, पण टॅब हवाच. फोनवर फुग्यांतली अक्षरं मोठी करत बसावं लागतं आणि जोडपानावरचं चित्र तुकड्या-तुकड्यांत बघावं लागतं.

अंक साधारण ३२ पानांचा. त्यात बहुधा पाच कथा, बहुतेक क्रमशः. मधूनच शिरलात तर कोण कोणाचा वैरी हे कळायलाच काही आठवडे जातात. अधूनमधून सगळ्या कथा नव्याने सुरू होणारा अंक निघतो, वर्गणी तिथूनच धरा.

मला धरून ठेवलं ते जज ड्रेडने, म्हणजे भविष्यातल्या एका पोलीस-न्यायाधीशाने. लेखक जॉन वॅग्नर आणि चित्रकार कार्लोस एझ्केरा यांचा हा नायक १९७७ साली दुसऱ्या अंकात आला. कथेतलं साल आपल्यापेक्षा कायम १२२ वर्षं पुढे असतं. आपलं वर्ष सरलं की त्याचंही सरतं, त्यामुळे तो खरोखर म्हातारा होत आलाय. जुन्या एखाद्या निवाड्याचं ओझं वीस वर्षांनी त्याच्यावर येतं तेव्हा वाचकानेही तेवढी वर्षं काढलेली असतात. रस्त्यातच शिक्षा सुनावणारा हा पोलीस मला पटत नाही. कथाही त्याला बिनशर्त पटवून घ्यायला लावत नाही, हे तिचं मोठं बळ.

‘फ्यूचर शॉक्स’ मात्र सर्वांत आवडतं सदर. चार-पाच पानांत कथा संपते, शेवटच्या चौकटींत कलाटणी. पुढे नावाजलेला चित्रकथा-लेखक ॲलन मूर यानेही उमेदवारीच्या काळात अशा कथा लिहिल्या. आपल्या दिवाळी अंकांत विज्ञानकथा असते, हास्यचित्रं असतात, मग पाच पानांची विज्ञानचित्रकथा का नको? आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी मासिकं चालवली, आणि ते स्वतः चित्रकार होते! नव्या लेखक-चित्रकारांच्या जोड्यांना संपादकांनी एवढी पानं द्यावीतच.

फाइल पीडीएफ किंवा सीबीझेडमध्ये (चित्रकथांसाठीचा फाइल-प्रकार) उतरवून घेता येते, तिला कॉपी रोखणारं कुलूप नसतं. २०१९च्या महापुरात घरातली मासिकं गेल्यापासून मला याची फार किंमत वाटते.

रक्तपात बराच असतो, लहान मुलांच्या हाती सरसकट देऊ नका. त्यांच्यासाठी ‘रीजेन्ड’ नावाचे वेगळे अंक निघाले आहेत, ते आधी बघा.