पद्मिनी स्पीड रनसाठी तयार करून घेतली, गॅरेज एक नंबर

सांगलीत माधवनगर रोडला जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे, तिथं आमची जुनी प्रीमियर पद्मिनी कार धावपट्टीवर सरळ पळवायला तयार करून घेतली. मला वाटलेलं आधी १०८९ सीसीचं इंजिन खोलतील, पण मिस्त्री म्हणाले दादा पळायचं नंतर, आधी थांबायचं बघू, आणि चारही चाकांचे ब्रेक ड्रम उतरवून लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे), व्हील सिलेंडर (लायनर ड्रमवर दाबणारे) सगळं नवीन टाकलं. टायरवरचा चार आकडी कोड वाचून (पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष) जुने टायर सरळ बाद केले, एस रेटिंगचे म्हणजे ताशी १८० किमी वेगापर्यंत चालणारे घातले. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) बॅलन्स करून खाली लोखंडी लूप पण बसवला, शाफ्ट तुटला तर रस्त्यात रुतायला नको म्हणून, हे लय आवडलं. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) मात्र दोनदा बदलावे लागले, टॉप स्पीडला पेट्रोल कमी पडत होतं. घाई असेल तर जाऊ नका, वेळ घेतात.