‘तेलविरहित’ कॉम्प्रेसर आणि तयार धंद्याची योजना

पाण्याखाली उतरून बोटींचे तळ साफ करण्याचा व्यवसाय मी सुरू करायला घेतला, तेव्हा प्रशिक्षण, उपकरणे आणि ठरलेली गिऱ्हाइके असे सगळे एकरकमी देऊ करणाऱ्या एका विक्रेत्याने माझी फसवणूक केली. पैसे गेले ते गेलेच; पण त्याने जे यंत्र गळ्यात मारले त्यापायी जीवही गेला असता, म्हणून हे लिहीत आहे.

गिऱ्हाइकांची यादी खोटी असल्याचे लवकरच उघड झाले. त्यातल्या बोटमालकांनी विक्रेत्याचे नावही ऐकले नव्हते. प्रमाणपत्र हौशी डायव्हिंगचे होते आणि मोबदला घेऊन केलेल्या कामासाठी विमा कंपनीने ते नाकारले. प्रशिक्षणात सरसकट सगळ्या बोटींच्या तळाला चिकटलेले बार्नेकल (कडक कवचाचे समुद्री जीव) धातूच्या पट्टीने खरवडायला शिकवले गेले. तांबेयुक्त मऊ रंगावर ती फिरवली की पाण्यात रंगाचा ढग उठतो आणि मालकाचा रंगकामाचा खर्च वाया जातो. स्वतः झिजून बोटीच्या धातूला गंजण्यापासून वाचवणारे झिंकचे अ‍ॅनोड किती झिजले आहेत हे पाहून मालकाला कळवणे हा याच कामाचा भाग, पण त्याचा साधा उल्लेखही नव्हता.

खरा घात कॉम्प्रेसरमध्ये होता. वरून नळीने पाणबुड्याला हवा पुरवणारे हे यंत्र ‘तेलविरहित’ म्हणून दिले होते. मूळ पाटी घासून काढलेली, वर नवे स्टिकर, आणि खाली तेलाची पातळी दाखवणारी गोल काच! बिनतेलाच्या यंत्राला ती कशाला हवी? म्हणजे ते वर्कशॉपमधले, तेल लागणारे यंत्र होते; असे यंत्र तापले की तेलाची वाफ नळीत शिरते. शिवाय हवा ओढणारे तोंड पेट्रोल इंजिनाच्या धुराच्या नळीपासून जेमतेम हातभर अंतरावर होते, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट फुप्फुसात, आणि त्याला ना रंग ना वास. श्वसनाच्या हवेसाठीच्या ईएन 12021 या युरोपीय मानकात त्याची मर्यादा दहा लाख भागांत 5 भाग इतकी कमी आहे. चाचणीचा अहवाल मागितला तर ‘फिल्टर आहे की’ असे उत्तर मिळाले. तो फिल्टर धूळ आणि पाणी अडवणारा होता, हा वायू नव्हे.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने पावती पुढे केली. तिच्यावर ‘एअर कॉम्प्रेसर, नळीसह’ एवढेच छापले होते. पाण्याखाली वापरण्याची सगळी आश्वासने फोनवरची. असे यंत्र घेताना मूळ अनुक्रमांक, ‘श्वसनयोग्य हवेसाठी’ हे शब्द आणि हवेच्या चाचणीचा अहवाल लेखी हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नये.