घडीचा बाप्तिस्म्याचा हौद: मंडळीने घ्यावा का?

भाड्याच्या हॉलमध्ये उपासना चालवणाऱ्या आणि बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी हा हौद आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आत पीव्हीसीची जाड ताडपत्री, लांबी 1.8 मीटर, रुंदी 0.9, पाणी 0.8 मीटरपर्यंत. इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल यांना बंगालमधल्या सेरामपूरला हुगळी नदीत बाप्तिस्मा दिला; त्यांना नळ्या जोडत बसावं लागलं नाही. आज शहराजवळ उतरण्याजोगी नदी मिळणं कठीण, म्हणून हा खटाटोप. वस्तू घेण्यासारखी आहे. पण विकणारा जे सांगत नाही, ते आधी पाहू.

पहिलं वजन. पाणी मावतं साधारण 1300 लिटर, म्हणजे 1.3 टन. तळ जेमतेम 1.6 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 800 किलो, माणसं वेगळी. राहत्या इमारतीचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो भाराच्या हिशेबाने धरतात. तेव्हा हौद तळमजल्यावरच मांडायचा, 'तासाभरात काय होतंय' हे चालणार नाही. अर्ध्या इंची नळाने भरायला दोन तास धरा. काठाखाली 15 सेंटिमीटर मोकळं ठेवा: दोन माणसं उतरली की पाणी सहा-सात सेंटिमीटर चढतं, आणि उठताना लाट येते ती वेगळी.

लांबी ऐकून पुरेशी वाटते. पण ती पुरते गुडघे दुमडले तरच. बाप्तिस्मा घेणारा ताठ मागे पडला, तर डोकं थेट मागच्या नळीवर. त्याला पुढच्या बाजूला पाय टेकवून उभं करायचं. एका हातात रुमाल, तो नाकाशी. दुसऱ्या हाताने तेच मनगट धरायचं. पाळक शेजारी, एक हात त्याच्या पाठीवर खांद्यांच्या मधोमध, दुसरा त्या जुळलेल्या हातांवर. 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द पुरे झाल्यावर खाली न्यायचं. शब्द चालू असतानाच नेलं, तर श्वास अर्धवट राहतो आणि नाकात पाणी जातं.

बिघडतं ते बहुधा एकाच कारणाने: बाप्तिस्मा घेणारा मदत करायला जातो. मान उचलतो, पोट ताणतो, काठ पकडतो. मग कपाळ कोरडं राहतं आणि पाळकांची कंबर धरते. अंग सैल सोडलं, तर पाणीच बहुतेक वजन तोलतं; पाळकांना फक्त दिशा द्यावी लागते. बायबलमध्ये इफिस 2:8 मध्ये तारणाला देवाचं दान म्हटलंय, आपल्या हातून झालेलं काम नव्हे. तयारीच्या वर्गात हे वचन पाठ होतं. ते अंगात उतरतं की नाही, ते या 1.8 मीटरमध्ये दिसतं. आपल्या भाषेतही कोणी बाप्तिस्मा 'केला' म्हणत नाही, 'घेतला' म्हणतात. आदल्या दिवशी चटईवर कोरडी तालीम घ्या, दुसऱ्याच्या हातावर मागे पडण्याची. आणि हौदाचं, झग्याचं भाडं बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या माथी मारू नका. तो खर्च मंडळीचा.

सोबत येणारे झगे मात्र टाकाऊ. पातळ पांढरं कापड भिजलं की आरपार दिसतं, आणि घेर फुग्यासारखा वर येतो. आत गडद कपडे घालायला सांगा, घेराच्या दुमडीत धातूच्या चकत्या शिवून घ्या.

थंडीत 1300 लिटर पाणी 10 अंशांनी तापवायला सुमारे 15 युनिट वीज लागते. दोन किलोवॅटचा रॉड साडेसात तास घेईल. कोणीही पाण्यात उतरण्याआधी रॉड बंद, प्लग काढलेला, रॉड हौदाबाहेर. तारेचा माइक हौदाच्या आसपासही नको. 2005 साली टेक्सासमधल्या वेको शहरात पाण्यात उभ्या पाळकांनी माइकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने ते गेले.

निचऱ्याची तोटी तळापासून दोन इंच वर बसवलीय, ही उघड चूक. शेवटचं 80 लिटर पाणी मगाने उपसावं लागतं. मग ताडपत्री उलटी करून दोन दिवस सावलीत वाळवायची, नाहीतर शिवणींत बुरशी धरते आणि पुढच्या खेपेला पाणी नेमकं तिथूनच झिरपतं.